मागे जोर दिला की ‘खट्’: एका फिक्स्ड गिअर सायकलचं प्रकरण

तक्रार दोन वाक्यांची होती. “ताई, पेडल मागे दाबलं की खट् वाजतं. आणि परवा उतारावर चेन पडली.”

मावसभावाने सायकल भिंतीला टेकवली आणि बूट काढून माझ्यासमोर धरला. डाव्या बुटाचा तळ टाचेकडे घासून अर्धा झाला होता. चेन उतरली तेव्हा सायकल थांबवायला त्याच्याकडे एवढाच बूट होता. पुढचा ब्रेक नाही, मागचा ब्रेक नाही. जे काही थांबवायचं ते पायांनी, चेनमार्फत, आणि चेनच गेली. तो पडला नाही, हे त्याचं नशीब.

फिक्स्ड गिअर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, त्यामुळे पाय थांबवले तरी चाक कटकट करत पुढे जात राहतं. फिक्सीत फ्रीव्हील नसतं. मागचं दातेरी चक्र, म्हणजे कॉग, थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. पाय रोखले तर चाक रोखलं जातं. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकली अशाच असतात आणि त्यांना ब्रेक नसतो. तिथे पुढच्या कुणाकडेच ब्रेक नसल्याने कुणी अचानक थांबत नाही. रस्त्यावर पुढचा माणूस थांबतो, कुत्रं आडवं येतं, गाडीचं दार उघडतं.

साध्या सायकलची चेन, पेडलचा दांडा म्हणजे क्रँक, आणि पुढचं दातेरी चक्र म्हणजे चेनरिंग यांच्यावर चेनचा जोर एकाच दिशेने येतो. फिक्सीत तो दोन्ही दिशांनी येतो, चढावर पुढे आणि उतारावर मागे. जिथे जिथे दोन भाग जोडलेत, तिथे तिथे तो सांधा आळीपाळीने दोन्हीकडे खेचला जातो. म्हणून फिक्सीचा कुठलाही भाग निवडताना मी एकच प्रश्न विचारते: उलटा जोर आला तर हा काय करेल? हे प्रकरण त्या प्रश्नापाशी सुरू झालं आणि जवळजवळ प्रत्येक भागाचा निकाल त्यावरच लागला.

काय समोर होतं

फ्रेम जुनी, स्टीलची, १२ गिअरच्या रेसिंग सायकलची. मागच्या दोन पट्ट्यांमधलं, म्हणजे ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मिमी, त्या काळातल्या सहा चक्रांच्या फ्रेमला असायचं तेवढंच. एक्सल, म्हणजे चाकाचा आस, बसते ती खाच आडवी, पुढच्या बाजूला उघडणारी. फिक्सीसाठी ही चांगली गोष्ट, कारण चाक मागे-पुढे सरकवून चेनचा ताण साधता येतो. उभ्या खाचेची फ्रेम असती तर मी त्याला दुसरी फ्रेम शोधायला सांगितलं असतं. तिथे चेनचा ताण जुळवायला केंद्रापासून बाजूला सरकलेल्या आसाचा (एक्सेंट्रिक) खास हब किंवा तसाच बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यात फिरतात तो फ्रेममधला सांधा, लागतो. चेन ताणून धरणारं, स्प्रिंगवर चालणारं टेन्शनर लावून भागत नाही, कारण उलटा जोर आला की खालची चेन ताठ होते आणि टेन्शनर खेचलं जातं, वाकतं.

गिअर काढून टाकले होते, जुना दोन चेनरिंगचा क्रँक ठेवून त्यावर बाहेरच्या जागी ४८ दात्यांची एकच रिंग ठेवली होती. मागे १६ दात्यांचा कॉग. हे काम एका मेकॅनिकने करून दिलं होतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अशी जोडणी खूप जण करतात आणि बऱ्याच जणांची ती काही महिने चालते.

आधी माझीही चूक झाली. मागे दाबल्यावर खट् वाजतं म्हटल्यावर हात सवयीने डाव्या क्रँककडे गेला. बोल्ट सैल होता. आवळला. आवाज निम्मा झाला. पाच मिनिटांत सुटल्याचा आनंद मला झाला आणि मी त्याला जवळजवळ निरोप देणार होते. पण उरलेला निम्मा आवाज कुठला? मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मागचं चाक गुडघ्यांत धरून ठेवायला त्याला सांगितलं, आणि एका हाताने पेडल मागे-पुढे हलवत दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर असं ठेवलं की अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. चेनरिंग आणि क्रँकचा सांधा: काही नाही. क्रँक आणि दोन्ही क्रँकना जोडणारा आस, म्हणजे स्पिंडल: थोडी थरथर. कॉग आणि हब: बोटाच्या पेराखाली कॉग सरकला. हब जागच्या जागी, कॉग मात्र पाव दात्याएवढा पुढे, पाव दात्याएवढा मागे. डोळ्याला हे दिसत नव्हतं. बोटाला दोन्ही वेळा स्पष्ट कळलं.

लॉकरिंग कुठल्या दिशेने सुटली

चाक काढलं. कॉगच्या बाहेर एक लॉकरिंग, म्हणजे कॉग सुटू नये म्हणून आवळायची आट्यांची कडी, होती, म्हणजे वरवर सगळं बरोबर दिसत होतं. हुक पाना लावून ती सोडवायला मी घड्याळाच्या दिशेने फिरवलं, कारण खऱ्या ट्रॅक हबच्या लॉकरिंगला उलटे आटे असतात आणि ती तशीच सुटते. ही हलेना. जोर वाढवला, हलेना. मग पाना उलट्या बाजूने धरला, आणि ती अलगद सुटून हातात आली. आट्यांवर वाळलेल्या चिकटद्रवाचे निळसर पापुद्रे होते, बोट फिरवलं की पिठासारखे गळत होते.

इथेच प्रकरण उलगडलं. ती बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग होती, आणि हब फ्रीव्हीलचा होता.

हे का जमून जातं ते समजून घ्यायला हवं. फ्रीव्हीलचे आटे आणि ट्रॅक कॉगचे आटे एकाच मापाचे असतात, सुमारे १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. इंग्लिश पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटचे मापही तेच. त्यामुळे फ्रीव्हीलच्या हबवर ट्रॅक कॉग चढतो आणि त्याच्यामागे बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंगही चढते. तिघेही एकमेकांत छान बसतात. चुकीची जोडणी इतक्या सहज बसते म्हणूनच ती धोकादायक आहे.

खरा ट्रॅक हब हातात घेतला तर फरक डोळ्यांनी दिसतो. त्याच्या आट्यांना पायरी असते. आत, हबला लागून, मोठ्या व्यासाचे सुलटे आटे कॉगसाठी. बाहेर, थोड्या लहान व्यासाचे, सुमारे १.२९ इंचाचे, उलटे आटे लॉकरिंगसाठी. पुढे पेडल मारलं की कॉग आवळला जातो. मागे जोर दिला की कॉगला सुटायचं असतं, तो सुटण्याच्या दिशेने फिरायला बघतो आणि लॉकरिंगला आपल्याबरोबर ओढतो. पण तिचे आटे उलटे, म्हणून जी दिशा कॉगला सोडवते तीच तिला आवळते. कॉग स्वतःच स्वतःचं दार लावून घेतो. मला सायकलमधली ही सगळ्यात सुंदर रचना वाटते.

फ्रीव्हीलच्या हबवर पायरी नसते, एकच व्यास, एकच दिशा. तिथे कॉग सुटायला लागला की लॉकरिंगलाही त्याच्याबरोबर सुटायलाच मदत होते. दोन नट एकमेकांवर आवळले की काही काळ धरतात हे खरं, आणि चिकटद्रव त्यात आणखी काही काळ घालतो. पण माणूस मागच्या पेडलवर उभा राहून चाक रोखतो तेव्हा त्या पापुद्र्यांवर अख्ख्या माणसाचं वजन पडतं, तेही रोज. या जोडणीला सायकलवाले ‘सुसाइड हब’ म्हणतात. नाव भडक आहे, पण मी ते बदलायला सांगणार नाही.

त्याचा हब वाचवता आला असता का, हेही पाहिलं. कॉग हाताने काढल्यावर आट्यांच्या कडा चपट्या झालेल्या दिसल्या, पहिल्या दोन-तीन तर जवळजवळ पुसलेल्या. यावर आता फ्रीव्हीलही विश्वासाने बसणार नाही. हब बाद.

टायरवरचा एकच डाग

चाक हातात होतंच, म्हणून टायर फिरवला. सगळीकडे रबर चांगलं, आणि एका जागी तळहाताएवढा लांबट डाग, जिथे रबर संपून आतला धागा दिसत होता. “नवीन टायर दोन महिन्यांपूर्वी टाकला,” तो म्हणाला. टायर खराब निघाला अशी त्याची समजूत होती.

टायर चांगला होता. गणित वाईट होतं. ४८ भागिले १६ म्हणजे नेमके ३. पेडलच्या एका फेरीत चाक बरोबर तीन फेऱ्या घेतं, एक मिलिमीटर कमी नाही की जास्त नाही. हा मुलगा चाक घसरवून थांबतो तेव्हा नेहमी उजवा पाय पुढे ठेवतो. म्हणजे प्रत्येक वेळी पेडल त्याच जागी अडतात, म्हणून चाकही त्याच जागी अडतं, म्हणून रस्त्याला टायरचा तोच तुकडा लागतो. शंभर वेळा घसरवलं तरी शंभर वेळा तिथेच.

हे आधीच काढता येतं. पुढचे दाते वर, मागचे दाते खाली असा अपूर्णांक लिहायचा, संक्षेप द्यायचा, आणि खालचा आकडा पाहायचा. तितक्या जागांवर झीज वाटली जाते. ४८/१६ चा संक्षेप ३/१, म्हणजे एक जागा. ४६/१६ चा २३/८, म्हणजे आठ. वरचा आकडा विषम असेल आणि माणूस दोन्ही पाय आलटून पालटून वापरत असेल तर जागा दुप्पट होतात, म्हणजे तिथे सोळा. मागे १७ चा कॉग असला तर १७ ही मूळ संख्या असल्याने जवळजवळ काहीही पुढे ठेवा, सतरा जागा मिळतात. फक्त ३४ किंवा ५१ अशी सतराची पट नको.

गिअर ठरवताना टायर हे एकच कारण नसतं. गुडघे त्याहून मोठं कारण आहे. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला तर ४८/१६ वर पेडलच्या एका फेरीला सायकल ६.३ मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ३४ किमी. सपाट रस्त्यावर हे छान वाटतं. पण थांबलेली सायकल हलवायला आणि हलणारी थांबवायला पायांवर तेवढाच जास्त भार. मी त्याला ४४/१७ सुचवला: एका फेरीला साधारण ५.४ मीटर, ९० फेऱ्यांना ताशी २९ किमीच्या थोडं वर. तोटा उतारावर. ताशी ४० च्या वेगाला आधी पायांना मिनिटाला १०६ फेऱ्या होत्या, आता १२३ होतील, आणि पाय थांबवता येत नाहीत. “मग उतारावर काय करायचं?” त्याने विचारलं. ब्रेक दाबायचा.

ब्रेकवरून झालेली बोलाचाली

इथे आमचं वाजलं. त्याला ब्रेक नको होता. हँडल मोकळं, फ्रेम मोकळी, एकही केबल नाही, हेच त्याला आवडत होतं. मला ते आवडणं समजतं. फिक्सी दिसायला देखणी असते ती त्या मोकळेपणामुळेच.

पण थांबताना वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून मागून रोखून सायकल पुढच्या ब्रेकइतकी लवकर कधीच थांबत नाही, पाय कितीही दणकट असले तरी. घसरणारा टायर तर फिरणाऱ्या टायरपेक्षाही कमी पकडतो. आणि चेन पडली, तुटली, कॉग सुटला, तर मागचा ब्रेक शून्य. त्याच्या बाबतीत हे घडून गेलं होतं. मी सरळ सांगितलं की पुढचा ब्रेक नसेल तर बाकीचं काम मी करणार नाही. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि एवढंच म्हणाला, “एकच लावायचा पण.” एकच लावला.

जुन्या फ्रेमच्या चिमट्याला ब्रेकचं भोक होतंच. अडचण दुसरी निघाली. ही फ्रेम मुळात २७ इंची चाकांसाठी होती आणि आता तिच्यात ७०० सी ची चाकं आहेत. २७ इंची रिमवर टायर बसतो तो व्यास ६३० मिमी, ७०० सी चा ६२२. फरक आठ, म्हणजे त्रिज्येत चार. ब्रेकच्या रबरी पट्ट्या चार मिलिमीटर खाली पोचायला हव्या होत्या. घरात पडलेला छोटा कॅलिपर टायरला घासत होता. लांब हातांचा घ्यावा लागला. ब्रेक विकत घेण्याआधी बोल्टच्या भोकापासून रिमच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा, इतकंच सांगेन.

मागे काय बसवलं

नवा हब ट्रॅकचा, पायरीच्या आट्यांचा, १० मिमी जाडीच्या भरीव एक्सलचा. ट्रॅक हब १२० मिमीचे असतात आणि फ्रेम होती १२६ ची. स्टीलची फ्रेम बेताने दाबून सरळ १२० करता येते, पण मग ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहिलेत का ते तपासून सुधारावं लागतं. नुसते नट आवळून पट्ट्या आत खेचल्या तर त्या तिरक्या होतात आणि एक्सलवर कायमचा वाकवणारा जोर राहतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम असेल तर हा विचारही करू नका. मी दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमीचे स्पेसर घातले आणि एक्सल लांब घेतली. नट पूर्ण जाडीभर आट्यांवर बसतो का, हे पाहिल्याशिवाय पुढे गेले नाही.

चाक ३२ आऱ्यांचं, आरे तीन वेळा ओलांडून विणलेले. मागच्या चाकाचे आरे हबपासून सरळ रिमकडे जाणारे कधीच नकोत. हबला दोन्ही दिशांनी पिळ बसतो आणि तो पिळ तिरके आरेच पेलतात. ट्रॅक हबच्या दोन्ही बाजू सारख्या अंतरावर असल्याने दोन्हीकडच्या आऱ्यांचा ताण सारखा येतो, त्यामुळे हे चाक गिअरच्या चाकापेक्षा जास्त काळ सरळ राहतं.

चेन पडण्याचं मोठं कारण चेनलाइन, म्हणजे पुढचं आणि मागचं चक्र एका सरळ रेषेत आहेत का, हे होतं. मोजायची रीत सोपी. पुढे, सीट ट्यूबच्या मध्यापासून चेनरिंगच्या दात्यांच्या मध्यापर्यंत. मागे, हबच्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून कॉगच्या दात्यांच्या मध्यापर्यंत मोजून ते हबच्या अर्ध्या रुंदीतून वजा करायचं. जुन्या जोडणीत पुढे ४६ मिमी आले. मागे ६३ वजा २५, म्हणजे ३८. चेन आठ मिलिमीटर तिरकी धावत होती. गिअरच्या सायकलला हे चालतं, कारण तिची चेन बाजूला वाकायलाच बनवलेली असते आणि गिअर बदलणारा डिरेलर ती धरून असतो. इथे धरायला कुणी नाही. एक-दोन मिलिमीटरच्या वर फरक मी ठेवत नाही.

नव्या हबने मागचा आकडा ४२ झाला, ट्रॅकच्या भागांचा नेहमीचा आकडा. पुढे ४२ आणायला दोन वाटा होत्या: जुन्याच क्रँकवर रिंग आतल्या जागी हलवायची, किंवा क्रँकच बदलायचा. पहिली वाट स्वस्त, आणि क्रँक चांगला असता तर मी तीच घेतली असती. पण डावा क्रँक काढल्यावर त्याचं चौकोनी भोक चौकोनी राहिलेलं नव्हतं. सैल बोल्टवर पुढे-मागे जोर बसून बसून कोपरे गोल झाले होते. असा क्रँक कितीही आवळा, आठवड्यात पुन्हा सैल होतो.

नवा क्रँक १६५ मिमीचा घेतला, जुना १७२.५ चा होता. कारण वळणावर सायकल झुकते तेव्हा साध्या सायकलवाला आतलं पेडल वर ठेवून बसतो. फिक्सीवाल्याला पेडल मारत राहावंच लागतं. खालच्या बिंदूला पेडल साडेसात मिलिमीटर वर राहिलं तर ते रस्त्याला टेकायची वेळ उशिरा येते. बूट पुढच्या चाकाला लागणंही कमी होतं. रिंगच्या बोल्टवर्तुळाचा व्यास १३० निवडला. १४४ चा व्यास ट्रॅकवरचा जुना मानकरी आहे, पण त्यावर साधारण ४१ दात्यांखाली जाता येत नाही. १३० वर ३८ पर्यंत जाता येतं. उद्या चढाच्या भागात राहायला गेला तर रिंग बदलेल, क्रँक नाही.

बॉटम ब्रॅकेट घेताना क्रँकला कुठला चौकोन आणि कुठल्या लांबीची स्पिंडल लागते ते बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, तेच घ्यावं. चौकोनी टोकाची दोन मापं आहेत, जेआयएस आणि आयएसओ. दिसायला सारखी, उतारही सारखाच, पण आयएसओ चं टोक जरा बारीक. आयएसओ चा क्रँक जेआयएस च्या स्पिंडलवर चढवला तर तो साधारण साडेचार मिमी बाहेरच अडतो. चेनलाइनचं सगळं गणित तिथेच विस्कटतं, आणि सांध्याची पकडही अपुरी राहते. बसवल्यावर पुढचा आकडा साडेबेचाळीस आला. मला तो पुरला.

चेन १/८ इंच रुंदीची. ३/३२ ची चालली असती, पण मग रिंग आणि कॉगही त्याच रुंदीचे हवेत. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, अरुंद चेन रुंद दात्यांवर बसत नाही. जुनी चेन पट्टीने मोजली: पिनच्या मध्यापासून मोजून बारा पूर्ण कड्या ३०४.८ मिमी भरायला हव्यात, त्या ३०८ भरल्या. एक टक्क्याच्या वर वाढ. अशी चेन दात्यांवर वर चढून बसते, आणि ती उतरायला मग एक खड्डा पुरतो. पेडलना पट्टे लावले. पाय पेडलला बांधलेला नसेल तर पुढचा पाय वर ओढता येत नाही आणि उलटा जोर अर्धाच लागतो.

आवळणं, आणि पुन्हा आवळणं

कॉग बसवताना आट्यांना ग्रीस, चिकटद्रव नाही. नीट आवळायला मी चेनचीच मदत घेते: बॉटम ब्रॅकेटच्या नळीला जाड कापड गुंडाळायचं, चेनचा फास त्या नळीभोवती आणि कॉगभोवती घालायचा, आणि चाकच लिव्हरसारखं फिरवायचं. चाकाएवढा लांब पाना कुणाकडेच नसतो. मग लॉकरिंग. मग सायकल चालवून आणायची, पण पहिल्या फेरीत मागे जोर द्यायचा नाही, थांबायला ब्रेकच वापरायचा. एक चांगला चढ उभं राहून चढायचा. त्या चढाने कॉग आणखी थोडा आवळला जातो आणि लॉकरिंगपासून केसभर दूर जातो. म्हणून परत येऊन लॉकरिंग पुन्हा आवळायची. ती तेव्हा जवळजवळ नेहमीच थोडी फिरते. ही दुसरी वेळ विसरली गेली की खट् परत येतं.

चेनचा ताण: मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण एक सेंटिमीटर हलावी. आणि एकाच जागी बघून चालत नाही. चेनरिंग क्वचितच अचूक गोल बसते, म्हणून पेडल हळू फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधायची. त्या जागीही चेन ताठ दोरीसारखी होता कामा नये. झाली तर बेअरिंग रडतात. याच्या रिंगला ताठ आणि सैल जागेत मोठा फरक होता. बोल्ट किंचित सैल केले, ताठ जागी चेनवर लाकडी मुठीने हलकेच ठोकलं, रिंग केसभर सरकली, पुढची ताठ जागा शोधली, पुन्हा ठोकलं. तीन फेऱ्यांत फरक गेला. मग बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले.

यानंतर त्याला पुसायची रीत दाखवली, आणि इथे मी आवाज चढवला हे खरं. फिक्सीची चेन पुसताना चाक जोरात फिरवून त्यावर फडकं कधीच धरायचं नाही. फडकं दात्यांत ओढलं गेलं तर बोट आत जातं, आणि चाकाचा सगळा वेग त्या बोटामागे असतो. साधी सायकल तिथे सैल सोडते. ही सोडत नाही. हाताने चाक हळू, एक वीत फिरवायचं, थांबवायचं, दोन चक्रांच्या मधल्या भागात चेन पुसायची, पुन्हा एक वीत. बुटाची नाडी आत खोचायची, उजव्या पायाची पँट बांधायची. कारण तेच.

नंतरचे महिने

तीनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा दारात. खट् नाही, पण चेन सैल, आणि टायर डाव्या चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला, घासतोय. चढावर जोर लावला की चेन एक्सलचं उजवं टोक पुढे ओढते. ते सरकलं की चाक तिरकं होतं, पुढचा भाग डावीकडे जातो. कारण माझंच होतं. ड्रॉपआउटच्या क्रोम केलेल्या गुळगुळीत पृष्ठावर बसवताना सांडलेलं ग्रीस मी पुसलं नव्हतं. दोन्ही पृष्ठं कोरडी केली, खाचदार फिरत्या वॉशरचे ट्रॅक नट घातले, आणि ग्रीस फक्त नटाच्या आट्यांवर आणि नट-वॉशरच्या मध्ये. चेन ताणायला चाक आधी उजवीकडून बसवून मग डावीकडून सरळ केलं, असं दोन-तीनदा. त्यानंतर ते सरकलेलं नाही.

आता तो आठवड्यातून एकदा गुडघ्यांत चाक धरून बोटाने सांधे तपासतो, १५ चा पाना दोन्ही नटांना लावून पाहतो, चेनची हालचाल बघतो. पावसात भिजली की चेन पुसून तेल. महिन्याला पट्टी. परवाच्या मोजणीत बारा कड्या ३०५.५ भरल्या, एक हजार किलोमीटरवर. मी त्याला ३०६.५ ला बदलायला सांगितलं आहे, म्हणजे रिंग आणि कॉग वाचतील.

टायर अजून तोच आहे, जुन्याच्या जागी टाकलेला दुसरा. मी खडूने खूण करून सतरा जागा शोधायचा प्रयत्न केला. झीज इतकी पसरली आहे की जागा वेगळ्या काढता आल्या नाहीत. जुना हब मात्र मी ठेवून घेतला आहे. कुणी “फ्रीव्हीलच्या हबवर कॉग बसतो ना?” असं विचारत आलं की तो आणि एक ट्रॅक हब शेजारी शेजारी हातात देते, आणि आट्यांवरून अंगठा फिरवायला सांगते.